पायाचं बोट कापलं, तरी सरकारी हिशेबात ‘दिव्यांग’ नाही. मग मधुमेही रुग्णाला आधार कुठे?

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातलं बपेरा हे मध्य प्रदेशच्या सीमेजवळचं गाव. परिसर धानाचा. रोवणीच्या दिवसांत इथली माणसं सकाळपासून अनवाणी चिखलात असतात. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्यांसाठी हेच दिवस सर्वांत धोक्याचे. काटा रुतला तरी कळत नाही, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि दुखत नाही म्हणून कुणी दवाखाना गाठत नाही. झोपेत उंदरानं बोट कुरतडलं आणि सकाळी रक्त दिसल्यावरच समजलं, अशीही प्रकरणं भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत.

आयसीएमआर-इंडियाबच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. चर्चा मात्र साखरेच्या आकड्याची होते, पायाची नाही.

बोट काढल्यावर प्रश्न संपतो का?

नाही. चालताना शरीर पुढे ढकलण्याचं मोठं काम अंगठा करतो. तो गेला की भार शेजारच्या बोटांवर आणि चवड्यावर येतो. तिथं घट्टा पडतो आणि घट्ट्याखाली नवी जखम तयार होते. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या 2017 च्या आढाव्यानुसार, मधुमेही पायाची जखम भरल्यावर वर्षभरात सुमारे 40 टक्के रुग्णांना ती पुन्हा होते. पाच वर्षांत हेच प्रमाण 65 टक्क्यांवर जातं.

मदत कुठे मिळते, कुठे अडते?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. कोणते उपचार त्यात बसतात, हे योजनेतल्या रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगतो. पण घरी परतल्यावर महिनोन्महिने चालणारं ड्रेसिंग, तुमसर-भंडाऱ्याच्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरी घराच्याच माथी.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. एक बोट गेल्यावर मोजली जाणारी टक्केवारी त्याच्या बरीच खाली राहते. म्हणजे एसटीची दिव्यांग सवलतही नाही.

यात एक विचित्र गोष्ट आहे. पूर्व विदर्भात कुष्ठरोग निर्मूलनाचं काम जुनं आहे. संवेदना गेलेल्या कुष्ठरुग्णाला सरकारी कार्यक्रमातून मऊ रबराची ‘एमसीआर’ चप्पल मोफत मिळते. पाय रोज कसा तपासायचा, हेही शिकवलं जातं. आजार वेगळा असला तरी बधिर पाय तसाच. मधुमेही रुग्णाला मात्र अशी चप्पल बहुतेकदा स्वतःच शोधून विकत घ्यावी लागते.

घरी काय तपासता येईल?

रुग्णानं डोळे मिटायचे. घरातल्या कुणीतरी दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एक-दोन सेकंद हलका स्पर्श करायचा. दाबायचं किंवा चोळायचं नाही. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर पाय धोक्यात आहे असं समजून डॉक्टरांना दाखवावं. ‘इप्सविच टच टेस्ट’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीला एक रुपयाही लागत नाही. बोट आधीच काढलेलं असेल, तर दुसऱ्या पायाकडे जास्त लक्ष हवं. बधिर पाय गरम पाण्यात शेकणं मात्र टाळावं. भाजलेलंही कळत नाही.

बोट गेल्यावर अनेक जण चारचौघांत चप्पल काढायला लाजतात, लग्नकार्य टाळतात, घरातल्यांशीही कमी बोलतात. त्यांच्यासाठी ‘टेलि-मानस’ची 14416 ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. 2022 पासून चोवीस तास सुरू असलेल्या या सेवेत मराठीतही बोलता येतं.