बशीतला कॅन्सर

तर झालं असं, की ऑनसाइटहून परत यायला चार दिवस उरले होते आणि नेहमीप्रमाणे याद्या यायला लागल्या होत्या. बदाम, चॉकलेटं, कुणाला तरी परफ्यूम. त्यात मावसभावाचा मेसेज: "दादा, आईसाठी मेलाटोनिनच्या सहा बाटल्या आण. १० एमजीवाल्या. तिकडे कुठल्याही दुकानात मिळतात म्हणे."

मावशीला गेल्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर निघाला. केमो चालू आहे. मला वाटलं, झोप लागत नसेल बिचारीला. फोन केला तर कळलं, प्रकरण झोपेचं नव्हतंच. फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला होता. सारांश असा: कॅन्सरच्या पेशी साखरेवर जगतात, मेलाटोनिन त्यांची साखर तोडतं. म्हणून साखर-भात-पोळी बंद करा, रात्री मेलाटोनिन घ्या, कॅन्सर उपाशी मरेल. 'औषध कंपन्या हे तुम्हाला सांगणार नाहीत' हे वाक्य होतंच, त्याशिवाय फॉरवर्ड पूर्ण होत नाही. आणि मावशीने भात-पोळी सोडून तीन आठवडे झाले होते.

हा फॉरवर्ड सरळ खोटा असता तर काम सोपं होतं. वैताग हा, की तो अर्धा खरा आहे.

आधी खरा अर्धा भाग. आपली साधारण पेशी ग्लुकोज तोडून पायरुवेट बनवते आणि ते मायटोकॉन्ड्रियात पाठवून पूर्ण जाळते. एका ग्लुकोजमागे साधारण ३० एटीपी मिळतात. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी मात्र ऑक्सिजन हाताशी असूनही पायरुवेटचं लॅक्टेट करून बाहेर टाकतात. कमाई फक्त २ एटीपी. ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने हे १९२० च्या दशकात दाखवलं. (त्यांना १९३१ चं नोबेल यासाठी मिळालं, असंही फॉरवर्डमध्ये होतं. ते मिळालं श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी. असो.) हा उधळेपणा का? कारण भराभर वाढणाऱ्या पेशीला नुसती ऊर्जा पुरत नाही, नवी पेशी बांधायला सामानही लागतं, आणि ते अर्धवट तुटलेल्या ग्लुकोजमधून मिळतं. पेट स्कॅन याच भुकेवर चालतो.

आता मेलाटोनिन. पायरुवेटला मायटोकॉन्ड्रियात नेऊन कामाला लावणारं एक एन्झाइम आहे, त्याला आपण फाटक म्हणू. पीडीके नावाचं दुसरं एन्झाइम हे फाटक बंद करतं, म्हणजे तो वॉचमन. अनेक गाठींमध्ये हा वॉचमन जरा जास्तच ड्यूटीवर असतो. मेलाटोनिन त्याला आवरतं आणि फाटक पुन्हा उघडतं, अशी मांडणी टेक्सासमधले रसेल रायटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आहे. मांडणी सुंदर आहे आणि तिच्या बाजूने प्रयोगशाळेतले पुरावेही आहेत. मी त्या संशोधनाची चेष्टा करत नाहीये.

पण आपल्या धंद्यात एक वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी फेकलेलं आहे: "माझ्या मशीनवर चालतंय." त्यावर क्लायंट काय म्हणतो तेही माहितीये. कॅन्सरच्या बाबतीत 'माझं मशीन' म्हणजे काचेची बशी, आणि प्रॉडक्शन म्हणजे माझी मावशी.

साधा हिशोब करा. रात्री अंधारात आपल्या रक्तात मेलाटोनिन वाढून वाढून मिलिलिटरला १०० पिकोग्रॅमच्या आसपास जातं, म्हणजे अर्ध्या नॅनोमोलरहूनही कमी. बशीतल्या अनेक प्रयोगांमध्ये पेशींवर ओतलेलं असतं १ मिलिमोलर. हे वीस लाख पटींहून जास्त झालं! दुकानातली गोळी रक्तातली पातळी नक्कीच वाढवते, पण तिथवर ती पोचत नाही. लोड टेस्टला वीस लाख पट सर्व्हर लावून 'परफॉर्मन्स उत्तम' असा रिपोर्ट कुणी दिला, तर त्याचं अप्रेझल कसं होईल?

बरं, माणसांवर कुणी करूनच पाहिलं नाही असंही नाही. २००५ मध्ये दहा चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं. एकूण ६४३ रुग्ण, आणि मेलाटोनिन घेणाऱ्यांमध्ये वर्षभरात मृत्यूचं प्रमाण बरंच कमी. फॉरवर्डमध्ये हेच होतं. त्यात नव्हतं ते हे, की कुणाला गोळी मिळतेय हे या चाचण्यांत लपवलेलं नव्हतं. पुढे २००७ मध्ये मेंदूत कॅन्सर पसरलेल्या १२६ रुग्णांना रेडिएशनसोबत रोज २० एमजी दिलं, आयुष्य वाढलं नाही. मग कॅनडात फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या ७०९ रुग्णांची मोठी चाचणी झाली: रोज २० एमजी, वर्षभर, आणि गोळी खरी की खोटी हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. २०२१ मध्ये निकाल आला. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत फरक नाही.

याच वॉचमनची आणखी एक गोष्ट आहे. पीडीकेला थेट रोखणारं डायक्लोरोॲसिटेट नावाचं स्वस्त रसायन आहे. २००७ च्या जानेवारीत कॅनडातल्याच एका गटाने त्याने उंदरांमधल्या गाठी आटोक्यात येतात असं दाखवलं. काही महिन्यांत ते इंटरनेटवर विकायला आलं आणि अमेरिकेच्या एफडीएला विक्री थांबवायला सांगावं लागलं. हातापायांच्या नसांवर त्याचा वाईट परिणाम होतो. कॅन्सरवरचं मान्यताप्राप्त औषध ते आजही नाही. म्हणजे यंत्रणा कळणं वेगळं आणि औषध सापडणं वेगळं, हा धडा आधीच शिकून झालेला आहे.

"पण घेतलं तर तोटा काय?" हा मावसभावाचा प्रश्न. तोटा सांगतो.

एक, बाटलीत काय आहे ते बाटलीलाही माहीत नसतं. अमेरिकेत मेलाटोनिन पूरक आहार म्हणून विकलं जातं, विक्रीआधी एफडीएची मंजुरी लागत नाही. २०२३ मध्ये २५ प्रकारच्या गमीज तपासल्या, त्यातल्या २२ मध्ये लेबलवरचा आकडा चुकीचा निघाला. एकीत तर मेलाटोनिनच नव्हतं. दोन, केमोसोबत आणखी काही घ्यायचं तर ते डॉक्टरला विचारून, आणि फॉरवर्डवाल्या गोळ्या लोक हमखास लपवून घेतात. तीन, आणि सगळ्यात वाईट, ते भात-पोळीचं प्रकरण. भात सोडला म्हणून गाठ उपाशी राहत नाही. रक्तातली साखर शरीर पडू देत नाही, यकृत स्नायूंतली प्रथिनं मोडून ग्लुकोज बनवतं. उपाशी राहतो तो माणूस. मावशीचं वजन तीन आठवड्यांत चार किलो उतरलं होतं.

एक गोष्ट मात्र आपण स्वतःलाही सुनवायला हवी. मला सगळ्यात पटलेला प्रयोग बशीतला नाही. २००५ मध्ये डेव्हिड ब्लास्क आणि सहकाऱ्यांनी स्त्रियांचं रक्त घेतलं: दिवसा, रात्री अंधारात, आणि रात्री प्रखर उजेडात बसवून. ते उंदरांच्या अंगात वाढवलेल्या मानवी गाठींमधून फिरवलं. अंधारातल्या रक्ताने गाठी मंदावल्या, उजेडातल्या रक्ताने नाही. गोळी नाही, मिलिमोलर नाही, फक्त दिवा बंद. हेही उंदीरच, कबूल. पण शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या रात्रपाळीला डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २००७ मध्ये 'बहुधा कॅन्सरकारक' म्हटलं आणि २०१९ मध्ये तेच कायम ठेवलं. माणसांमधला पुरावा अजून मर्यादित आहे. तरी गंमत बघा, तो फॉरवर्ड ग्रुपवर पडला रात्री १ वाजून १० मिनिटांनी. पाठवणारा आपल्यातलाच, क्लायंट कॉल संपवून ट्यूबलाइटखाली बसलेला. दिवा बंद करायला पैसे लागत नाहीत, म्हणून तो सल्ला फॉरवर्ड होत नाही.

मी बाटल्या आणल्या नाहीत. मावसभाऊ दोन दिवस बोलला नाही. मग मीच त्याच्यासोबत मावशीच्या डॉक्टरांकडे गेलो, फॉरवर्डचं प्रिंट घेऊन. त्यांनी शांतपणे वाचलं आणि पहिला प्रश्न मावशीला विचारला, "काल रात्री काय जेवलात?"

मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "काकडी."

त्या संध्याकाळी वरणभात झाला. वर तूपही.