श्रद्धेला बंदीचे कुंपण कशाला?

‘दा विंची कोड’ या चित्रपटावरून २००६ साली देशभर वादंग माजले. येशूने मेरी माग्दालिनीशी विवाह केला व त्यांचा वंश पुढे चालला, ही त्यातील कल्पना श्रद्धावान ख्रिस्ती माणसाला बोचणारी होती. सेन्सॉर बोर्डाने चित्रपट केवळ प्रौढांसाठी ठरविला. कथा काल्पनिक असल्याचा खुलासाही जोडावयास लावला. तरीही गोवा, आंध्र प्रदेश आदी राज्यांनी बंदी घातली. आंध्रमधील बंदी पुढे उच्च न्यायालयाने रद्द केली.

ख्रिस्ती समाजाचे दुःख खरे होते. प्रश्न उपायाचा आहे. भावना दुखावल्या एवढ्यावर सरकार बंदी घालू लागले, तर त्या शस्त्राची मूठ अखेर बहुसंख्यांच्याच हाती जाते. महाराष्ट्रात ख्रिस्ती शेकडा एक. नांदेड-लातुरात त्याहूनही विरळ. २०२० साली लातूरशेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, साहित्य संमेलन भरले. ‘सुबोध बायबल’चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षपदाला, ते धर्मगुरू असल्याचा मुद्दा काढून विरोध झाला. तेव्हाही भावनांचीच ढाल पुढे केली गेली. संमेलन त्या दडपणापुढे झुकले असते, तर मराठवाड्यात त्यांचा शब्द उमटलाच नसता.

म्हणून ख्रिस्ती माणसाने अशा चित्रपटाचे खंडन करावे, सभा घ्याव्यात, तिकीट काढू नये; बंदी मात्र मागू नये. आणि लोकशाहीवादी कार्यकर्त्यांनी त्याच्या निषेधाच्या हक्काचेही तितक्याच निष्ठेने रक्षण करावे.