दार उघडलं की पुठ्ठा हातात!

गाडीवेड्या मंडळींना इंजिनबद्दल विचारा, तासभर बोलतील. रंगाबद्दल विचारा, मोबाइल काढून पन्नास फोटो दाखवतील. पण दाराच्या आतल्या बाजूचा विषय काढा, लगेच ‘चहा घेणार का?’ सुरू! कारण तिथे रेक्झिन फुगलेलं असतं, आतला हार्डबोर्ड कुजलेला असतो आणि एखाद्या कोपऱ्यात चक्क ब्राऊन टेप मारलेली असते. बाहेरून हिरॉइन, आतून... जाऊ दे.

तर आजचा विषय हाच. डोअर पॅड. माझं ठाम मत झालंय की जुनी गाडी इंजिनामुळे मरत नाही. इंजिन बांधणारा कुणीतरी सापडतोच. ती मरते घरच्यांना तिच्यात बसावंसं वाटत नाही म्हणून. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, ड्रेसला भुसा लागतो, मग ‘आज नको, रिक्षाने जाऊ’. महिनाभर उभी, मग वर्षभर उभी, आणि मग सोसायटीची नोटीस.

माझ्या एका मैत्रिणीकडे प्रकरण अगदी इथवर आलं होतं. ती बीकेसीत बँकेत. घरी बाबांची १९८२ ची प्रीमिअर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, सगळं ठणठणीत. फक्त चारही दारांची पॅडं गेलेली. भंगारवाला येऊन भाव सांगून गेला होता. काका हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मैत्रीण म्हणाली, ‘अगं, ते नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं.’ मग आम्ही दोघींनी ठरवलं, भंगारवाल्याला फोन करायच्या आधी पॅडं तर करून बघू.

सोप्पं वाटतं ना? दुकानात जायचं, चार पॅडं आणायची. तसं नाहीये बॉस! पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. प्रीमिअरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये ती ‘डिलाइट’ म्हणून आली आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं. उत्पादन बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली. इंजिनाचे पार्ट कुणी ना कुणी साठवून ठेवले. पुठ्ठ्याचं पॅड कोण साठवणार? टॅक्सीवाले होते तोवर रेक्झिनवाल्यांच्या गल्ल्यांत ही पॅडं सतत बनायची. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्यावर सगळ्यांनी हळवे लेख लिहिले (मीही एक लिहिला). तिच्याबरोबर रेक्झिनवाल्याचं रोजचं गिऱ्हाईकही गेलं, हे मात्र फारसं कुणी लिहिलं नाही.

कुर्ल्याला सीएसटी रोडच्या आतल्या एका गल्लीत आम्हाला एक चाचा भेटले. त्यांच्या भिंतीवर खिळ्याला पद्मिनीच्या दारांचे कागदी नमुने अजून टांगलेले. पहिला प्रश्न रंगाचा येईल असं वाटलं होतं. पण नाही. ‘पुराना फेका तो नहीं ना?’ नव्हतं फेकलं. ‘बस. उससे अच्छा नक्शा नहीं मिलेगा.’

हा पहिला फंडा. जुनं पॅड कितीही सडलेलं असो, ते जपून उतरवायचं. काच वर-खाली करायचं हँडल पिनेने धरलंय, क्लिपने की स्क्रूने, हे आधी बघायचं. उगाच हिसडे मारायचे नाहीत. मग कडेने पातळ पट्टी सरकवून एकेक क्लिप सोडवायची. आमच्या पॅडची खालची कड पाण्याने फुगून वाकडी झाली होती, ती जशीच्या तशी गिरवली असती तर नवं पॅडही वाकडं! म्हणून तेवढी कड दारावर कागद लावून नव्याने आखली. क्लिपांच्या भोकांसाठीही तीच युक्ती. लहानपणी कागदाखाली नाणं ठेवून पेन्सिल घासायचो, आठवतंय? दारावर ब्राऊन पेपर ताणून पेन्सिल घासली की भोकं उमटतात. डाव्या दाराचा कागद उलटा करून उजव्याला लावायचा मोह होतो. तो टाळा. आमच्या दोन दारांच्या भोकांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघाला, आणि क्लिपला तेवढा पुरतो.

आता खरा व्हिलन. पाणी! मला वाटायचं दार म्हणजे बंद डबा. छे! काचेच्या रबराशेजारून पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतंच. ते तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडावं अशीच रचना असते. आतला पत्रा आणि पॅड यांच्यामध्ये म्हणून प्लॅस्टिकची शीट असते. आमच्या गाडीत शीट नव्हतीच. काकांना आठवलं, कधीतरी लॉक दुरुस्त करताना मेकॅनिकने ती काढली होती. म्हणजे कित्येक पावसाळे तो हार्डबोर्ड थेट पाणी पीत होता. तळाची भोकं चिखलाने गच्च. तारेने मोकळी केली तेव्हा काळं पाणी आलं, जवळपास कपभर. हे न करता नुसतं नवं रेक्झिन चढवलं असतं, तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तोच वास.

बोर्ड कुठला घ्यायचा यावर गाडीप्रेमींमध्ये मारामाऱ्या होतात. हार्डबोर्ड म्हणजे ओरिजिनल, वॉटरप्रूफ प्लाय म्हणजे टिकाऊ, एबीएस शीट म्हणजे पाण्याची चिंताच नाही. आम्ही प्लाय घेतला, तीन मिलिमीटरचा. जाड घेतला की मजबूत, हे इथे चालत नाही. बोर्ड, फोम आणि रेक्झिन मिळून जाडी मूळ पॅडइतकीच हवी. नाहीतर हँडलचा दांडा पुरेसा बाहेर येत नाही आणि क्लिपही पत्र्यात बसत नाही. भोकं पाडताना खाली टाकाऊ लाकूड ठेवायचं, म्हणजे प्लायच्या मागे ढलप्या निघत नाहीत. मग दोन्ही बाजू, सगळ्या कडा आणि प्रत्येक भोकाची आतली कड, सगळ्याला ऑइलपेंट. कंटाळवाणं काम आहे. मैत्रिणीने ऑफिसचे कॉल घेत घेत केलं.

रेक्झिनवरच्या उभ्या रेघा फोमसकट आधी मशीनवर शिवून घ्यायच्या, मग बोर्डवर चिकटवायच्या. सोल्यूशन दोन्हीकडे लावायचं आणि थांबायचं. बोटाला चिकटेनासं झालं की मधून सुरू करून कडेकडे दाबत जायचं. कोपऱ्यांवर मागे छोटे काप द्यायचे, नाहीतर मोदकासारख्या चुण्या पडतात. आणि मागे दुमडलेल्या कडेला स्टेपल मारणार असाल, तर त्याची लांबी बघा. तीन मिलिमीटरच्या बोर्डातून मोठी पिन सरळ आरपार येऊन तुमच्या मांडीचं स्वागत करते!

रंगावरून मात्र बापलेकीत जुंपली. तिला हटके हवं होतं, टॅन, क्विल्टिंग वगैरे. काकांना तोच जुना फिका राखाडी. मी काकांच्या बाजूने होते, पण कायद्याचं कारण देता येत नव्हतं. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण तिथे चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल नकोत अशी अट आहे. रेक्झिनचा रंग कोण विचारतंय? आणि ह्या गाडीला ५० व्हायला २०३२ उजाडेल. शेवटी चाचांनी कपाटामागून एक धुळकट रोल काढला. राखाडीच, पण जाळीदार ग्रेनचा. ‘आखरी है. चार दरवाज़े में खतम.’ मैत्रिणीने काकांकडे बघितलं आणि कात्री चाचांच्या हातात दिली.

सामानाचा खर्च म्हणाल, तर दोघींच्या एका बऱ्या डिनरइतका. शिलाईचे चाचांनी मागितले ते थोडे कमी वाटले, म्हणून न सांगता जास्त दिले. घासाघीस करणाऱ्यांना माझा सल्ला, हा रोल पुन्हा येणार नाहीये.

तीन दारं झालीत. नवी प्लॅस्टिक शीट लावताना तिची खालची कड पत्र्याच्या फटीतून दाराच्या आत सोडायची, म्हणजे पाणी आतच गळतं. हे काम काका स्वतः करतात, कुणाला हात लावू देत नाहीत. भंगारवाल्याचा परवा पुन्हा फोन आला होता. काकांनीच घेतला. ‘गाडी कामाला काढलीय, वेळ नाही,’ म्हणाले आणि ठेवला. चौथं दार ह्या रविवारी. मला येताना डबल टेपचा रोल आणायला सांगितलाय.