नंबराचा कागद

मला फळ्यावरची अक्षरे अंधुक दिसतात. शेजारच्याच्या वहीत पाहून मी लिहितो. त्याचे चुकले की माझेही चुकते!

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे डॉक्टर वर्षातून एकदा शाळेत तपासायला येतात. त्या दिवशी मी मायसोबत कापूस वेचायला गेलो होतो.

मग बाबांनी यवतमाळला चष्म्याच्या दुकानात नेले. पाटीवर ‘तपासणी फुकट’ लिहिले होते. तक्ता सहा मीटर दूर पाहिजे, पण दुकान लहान. म्हणून तक्ता आरशात दाखवला. मला वरच्या दोनच ओळी वाचता आल्या. नंतर भारी फ्रेमा काढल्या. बाबा म्हणाले, “साधी दाखवा ना भाऊ.” साधी नव्हतीच. नंबराचा कागद मागितला तर म्हणाले, चष्मा इथेच घेतला तर देऊ.

मला हे पटले नाही. नंबर तर माझ्या डोळ्याचा आहे. तपासणीचे पैसे घ्या, पण कागद द्या. आणि डॉक्टर येणार ती तारीख गुरुजींनी आठ दिवस आधी फळ्यावर लिहावी. आईबाबांनी त्या दिवशी आम्हाला वावरात नेऊ नये.

सोमवारी बाबा मला सरकारी दवाखान्यात नेणार आहेत. तोवर मी पहिल्या ओळीत बसतो.

– इयत्ता ४ थी, लोहारा