सात वाजताचा दिवा

सांताक्रूझला, त्यातून वाकोल्याला, ज्याने संसार केला त्याला वाक्य मध्येच थांबवायची सवय असते. डोक्यावरून विमान चालले की बोलणारा गप्प होतो आणि ते गेले की राहिलेला अर्धा शब्द पुरा करतो. देवापुढचे स्तोत्रसुद्धा आम्ही असेच तुकड्यातुकड्यांनी म्हणत आलो. पण २०२० साली २५ मार्चपासून दोन महिने देशातली प्रवासी विमाने बंद राहिली, आणि संध्याकाळी कोणाच्या घरात काय म्हणतात ते आम्हांला प्रथमच ऐकू आले. तळमजल्यावर रामरक्षा, मधल्या मजल्यावर शुभंकरोति आणि सर्वांत वर आमच्या ख्रिस्ती शेजारणीची रोझरी!

त्याच दिवसांत तळमजल्यावरच्या काकांना करोनाने गाठले. गाडी आली, त्यांना घेऊन गेली. काकूंना बरोबर जायची परवानगी नव्हती. वाचकहो, आपल्याकडे माणूस आजारी पडला की घरची माणसे पेज नेतात, उशाशी बसतात, पाय चेपतात. ते सारे बंद झाले. देऊळ गाठावे, तर तीही मार्चपासून बंद. मग इमारतीत ठरले की रोज सात वाजता ज्याने त्याने आपल्या दारात दिवा लावून काकांसाठी प्रार्थना करायची.

दुसऱ्यासाठी देवाला साकडे घालण्याची रीत आपल्या मुंबईला नवी नाही. प्रभादेवीचे सिद्धिविनायकाचे मूळ देऊळ १८०१ साली उभे राहिले, ते देऊबाई पाटील यांच्या पैशातून. त्यांना मूलबाळ नव्हते. आपली नाही तर नाही, निदान दुसऱ्या बायकांची तरी कूस उजवावी, अशी त्यांची इच्छा होती असे सांगतात. इकडे वांद्र्याला सप्टेंबरात मोतमाउलीची जत्रा भरते, तेव्हा मेणाचे हात, पाय, बाळे विकायला असतात. ती घेणाऱ्यांत हिंदू बायकाही पुष्कळ. एखादी मेणाचा पाय निवडत असते, पण तिचे स्वतःचे पाय धडधाकट असतात. दुखणारा पाय घरी खाटेवर असतो. आणि ज्ञानदेवांनी १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी केली तेव्हा देवाकडे जे मागितले, तेही साऱ्या जगासाठी.

तर काकूंनी काकांना फोनवर सांगितले, "अहो, सगळी इमारत तुमच्यासाठी दिवे लावतेय. आता तुम्ही बरे झालेच पाहिजे!"

काका पुढे बरे होऊन आले. एकदा चहा घेताना ते म्हणाले, "वहिनी, खरं सांगू? ते ऐकून मला धास्तीच बसली. म्हटलं, माझी तब्येत इतकी का बिघडलीय? आणि मी नाही वाचलो, तर तुमचा राम खोटा पडायचा!"

आम्ही हसलो; पण ती गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अमेरिकेत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांची एक पाहणी झाली. ती २००६ साली छापून आली. काहींसाठी अनोळखी भाविकांनी १४ दिवस प्रार्थना केली. प्रार्थना होईलच असे ज्यांना सांगितले नव्हते, त्यांच्यात ती झालेल्यांपैकी शेकडा ५२ जणांना आणि न झालेल्यांपैकी ५१ जणांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही त्रास झाला. म्हणजे फरक असा नाहीच. पण 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे' असे ज्यांना सांगितले, त्यांच्यात हाच आकडा ५९ निघाला! हा योगायोगही असेल. पण आपले दुखणे फारच गंभीर आहे या धास्तीनेही तसे झाले असेल, असे काही अभ्यासकांनी बोलून दाखवले. आमच्या काकांनी चहाच्या कपावर तेच सांगितले होते.

म्हणून, बायांनो, प्रार्थना करा. पण आजाऱ्याच्या उशाला तिचे ओझे ठेवू नका. त्याला सांगा की तुळशीला मंजिऱ्या आल्या, नळाला आज वेळेवर पाणी आले, मांजरीने पिले घातली.

आता जे सांगायला जड जाते तेही सांगते. पुढे पावसाळ्यात आमच्याच जिन्यावरचा एक तरुण मुलगा दवाखान्यात गेला, तो परतला नाही. त्याच्यासाठीही तेच दिवे लावले होते, तीच रामरक्षा, तीच रोझरी. मग काकांच्या वेळी देवाने ऐकले आणि या वेळी ऐकले नाही म्हणायचे का? मला त्याचे उत्तर येत नाही. मला दिसले ते एवढेच. महिनाभर रोज सात वाजता आम्ही त्या पोराचे नाव घेत होतो, त्यामुळे सात वाजले की पावले आपोआप त्याच्या आईच्या दाराकडे वळू लागली. कोणी दुरूनच विचारपूस करी, कोणी उंबऱ्यावर भाजीभाकरी ठेवी. वरच्या मजल्यावरची शेजारीण काही न बोलता जिन्यात बसून राही. एरवी असे दुःख झालेल्या घरी जायला माणूस कचरतो, काय बोलावे सुचत नाही. प्रार्थनेने आम्हांला ती वाट घालून दिली होती.

त्या वर्षी राज्यातली देवळे, चर्च, मशिदी १६ नोव्हेंबरला उघडली. तो पाडव्याचा दिवस होता. इमारतीत कोणाकडेही कंदील लागला नव्हता. पण सात वाजता त्या माउलीने स्वतःच दार उघडले आणि उंबऱ्यावर एक पणती ठेवली. मी विचारले, "कोणासाठी, हो?"

ती म्हणाली, "ज्यांचं माणूस अजून तिकडे आहे, त्यांच्यासाठी."

यंदाही फराळाचे ताट फिरवाल, तेव्हा ज्या दारात कंदील नाही तिथे आधी जा. आणि घरी येऊन एक पणती त्यांच्या नावाची लावा.