हिरोइन बाहेरगावाहून आणली

मागच्या डिसेंबरात सुट्टी काढून गंगापूरला गेलो, तेव्हा ऑफिसातल्या मित्राचा प्रोजेक्टर मागून नेला होता. चुलत भावाच्या सिमेंटच्या गोदामात एक भिंत मोकळी करून घेतली, मगरिबनंतर सतरंज्या टाकल्या आणि मोहल्ल्यातल्या पोरांना 'सुपरमेन ऑफ मालेगाव' दाखवला. एकोणीस पोरं आली. सगळ्यात लहान चौदाचा, मोठा बावीसचा.

फैझा अहमद खान यांचा हा 2008 सालचा माहितीपट. यंत्रमागांच्या मालेगावात काही हौशी माणसं पदरचे चार पैसे घालून स्वतःचा सुपरमॅन बनवतात, त्याची ही गोष्ट. शेख नासिर दिग्दर्शक, आणि यंत्रमागावर काम करणारा शफीक नावाचा काडी पहिलवान सुपरमॅन. कॅमेरा पाण्यात पडतो तेव्हा गोदामातल्या पोरांचा जीव वरखाली झाला. आपल्यासारखीच बोली, आपल्यासारखीच गल्ली पडद्यावर दिसली की पोरं किती खूश होतात, ते बघण्यासारखं होतं. हिंदी सिनेमात आपण दिसतो ते नवाब, कव्वाल, रहीमचाचा, नाहीतर बॉम्ब ठेवणारा. इथे सिनेमाच्या वेडापायी झोप उडालेली साधी माणसं होती.

सिनेमा संपल्यावर मी ठरवून गप्प बसलो. पाचेक मिनिटं नुसती थट्टामस्करी चालली. मग मागून एकाने विचारलं, "भाई, हिरोइन बाहर से क्यों लाए?" गावातल्या बायका सिनेमात काम करत नाहीत, म्हणून नटी बाहेरून बोलवावी लागते, हे त्या माहितीपटातच आहे. दुसरा म्हणाला, "अपनी औरतां ऐसे काम करतीं क्या?" त्यावर तिसरा हळूच बोलला, "फिर बाहरवाली किसीकी बहन नहीं है क्या?"

त्यानंतर दीड तास चर्चा चालली. मी फार तर चारदा तोंड उघडलं असेल.

ही पद्धत माझी नाही. मुंबईत 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज', थोडक्यात 'मावा', नावाची संस्था आहे. 1991 मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वर्तमानपत्रात एक जाहिरात दिली होती. बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवे आहेत, असा तिचा आशय. दोनशेच्या वर पुरुषांनी उत्तरं पाठवली. त्यातल्या काही जणांनी मिळून 1993 मध्ये ही संस्था उभी केली, आणि हरीश सदानी तेव्हापासून ती चालवत आले आहेत. 'पुरुष स्पंदनं' हा त्यांचा मराठी वार्षिक अंक 1996 पासून निघतो. कॉलेजच्या पोरांसाठी 'युवा मैत्री' हा उपक्रम त्यांनी 2006 मध्ये पुण्यातून सुरू केला, नंतर तो इतर जिल्ह्यांत गेला. 2017 पासून त्यांचा 'समभाव' हा फिरता चित्रपट महोत्सव निघतो. स्त्री-पुरुषपण, नाती, मर्दानगी यांवरचे सिनेमे गावोगावच्या कॉलेजांत दाखवायचे आणि मग बोलायला बसायचं.

मला त्यांच्या कामातली एकच गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ते मुलांशी बोलतात. आपल्याकडे, म्हणजे मुस्लिम समाजात, हा विषय निघाला की लगेच मुस्लिम स्त्रीचा प्रश्न टेबलावर येतो: बुरखा, तलाक, पोटगी. बाहेरचे तिला वाचवायला निघतात आणि घरातले तिच्या रक्षणाला उभे राहतात. या ओढाताणीत तिच्या भावाला कोणी काही विचारत नाही. 1966 साली हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत मोर्चा काढला, ते आपण दर एप्रिलमध्ये आठवतो, आठवायलाच हवं. पण त्या सात जणींना घरी परतल्यावर भाऊ-दीर काय म्हणाले असतील, याचा विचार मी स्वतः पस्तिशी ओलांडेपर्यंत केला नव्हता.

करायला हवा होता, कारण असाच एक भाऊ मी आहे. मी औरंगाबादला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा माझ्याहून दोन वर्षांनी लहान बहीण बारावी पास झाली. तिला पुढे शिकायचं होतं. अब्बांनी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, कारण कॉलेज बघितलेला घरातला पहिला माणूस मी. मी म्हणालो, "माहौल ठीक नहीं है अब्बा." एवढंच. कोणता माहौल, मला काय दिसलं होतं, काहीही सांगता आलं नसतं. वर्गातल्या मुलींशी मी रोज बोलत होतो, त्यांच्या जर्नल उतरवून पास होत होतो. तरी ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. वर्षभरात तिचा निकाह झाला. ती सुखात आहे, असं म्हणून मी बरीच वर्षं सुटका करून घेतली.

आमच्या धंद्यात 'डिफॉल्ट' असतो. वापरणाऱ्याने काही निवडलं नाही, तर यंत्र जे आपोआप निवडतं ते. माझं उत्तर तसलं होतं. ते माझ्यात कोणी भरलं असं विचाराल, तर एखाद्या मौलवीने नाही की अब्बांनीही नाही. बराचसा भाग सिनेमाचा आहे. बहिणीची छेड काढणाऱ्याला धुणारा भाऊ मी व्हीसीआरवर शंभरदा बघितला असेल. त्या बहिणीला स्वतःचं काही काम असल्याचं मात्र क्वचितच बघितलं.

आताच्या पोरांचं काम आणखी सोपं झालंय. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे एक साधं गणित चालतं: पोरगा ज्या रीलवर जरा जास्त वेळ थांबला, तसल्याच पुढे सरकवायच्या. तो एकदा मर्दानगीवरच्या बडबडीवर थांबला की आठवड्याभरात त्याच्या फोनवर तेच. जिममधला गोरा अमेरिकन, ट्रॅक्टरवरचा कोणी दादा आणि दाढीवाला वक्ता, तिघंही बाईने कसं वागावं हेच सांगतात. धर्म वेगळे, देश वेगळे, माल एकच. पोरगा हे एकटा, पांघरुणात बघतो. शेजारी कोणी नसतं, त्यामुळे "हे काय फालतू" म्हणणारंही कोणी नसतं. गोदामात एकोणीस जणांनी एकत्र बघितलं, म्हणून तिसऱ्याला दुसऱ्याला टोकता आलं. सतरंजीचा फायदा मला इतपतच वाटतो, आणि तो कमी नाही. दोन तासांच्या सिनेमाने कोणी बदलतो यावर माझा विश्वास नाही.

आता माझ्या चुकीबद्दल. दुसऱ्या दिवशी बहिणीकडे जेवायला गेलो. माझी भाची तेव्हा दहावीत होती. ताट वाढताना म्हणाली, "मामू, मुझे क्यूं नहीं बुलाया?" मी काहीतरी पुटपुटलो. गोदाम, रात्रीची वेळ, सगळी पोरंच होती वगैरे. ती हसून आत गेली. नासिरभाईंना निदान नटी बाहेरून आणायची तोशीस पडली होती. माझ्या खेळात ती जागाही नव्हती. मुलांशी वेगळं बोलायला हवं हे मला आजही पटतं, बहिणीसमोर पोरं खरं बोलत नाहीत. पण त्या संध्याकाळी मी असा कुठलाही विचार केला नव्हता. मुली माझ्या डोक्यातच आल्या नाहीत.

म्हणून ईदच्या सुट्टीत दुसरा खेळ बहिणीच्याच अंगणात केला. सिनेमा अम्मीच्या आवडीचा, बी. आर. चोप्रांचा 'निकाह', 1982 चा. लांब आहे, गाणी भरपूर, लहान पोरं मधेच झोपली. पण शेवटचा भाग सगळ्यांनी ताठ बसून बघितला. रागाच्या भरात तलाक देणारा पहिला नवरा आपल्याला ओळखीचा खलनायक आहे. गंमत दुसऱ्याची आहे. हा हैदर भला माणूस. बायकोच्या मनात अजून पहिलाच आहे असं तो परस्पर ठरवतो आणि त्याग म्हणून तिला सोडून परत त्याच्याकडे द्यायला निघतो. निलोफर दोघांनाही फैलावर घेते. तिला कोणी विचारलेलंच नसतं. अम्मीने हा सिनेमा कितीतरी वेळा पाहिलाय. ती म्हणाली, "पहलेवाले पे तो सब चिढ़ते, दूसरेवाले पे मैं ही चिढ़ती." चाळीस वर्षांत हे तिला आम्ही कोणी विचारलं नव्हतं.

त्या हैदरमध्ये मला मीच दिसलो. बहीण शेजारीच बसली होती. मी तिला काही म्हणालो नाही, तिनेही नाही.

तुमच्या गावात असं काही करायचं असेल, तर मोठा खर्च नाही. प्रोजेक्टर आठवड्याला भाड्याने मिळतो, एक पांढरी चादर पुरते. सिनेमा तुमच्या बोलीच्या जवळचा घ्या. कामगिरी भाषण न देण्याची आहे, आणि आम्हा शिकलेल्यांना तीच जड जाते. आणि बोलावण्याची यादी करताना एकदा घरात विचारा.

भाचीचा दहावीचा निकाल लागलाय. तिला औरंगाबादला शासकीय तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायचाय, गंगापूरहून एसटीने रोज जाऊन-येऊन. तिच्या आईवडिलांची हरकत नाही. हरकत भावाची आहे. तो तिच्याहून दोन वर्षांनी लहान. दोन्ही खेळांना हजर होता, गोदामात पहिल्या रांगेत. परवा फोनवर मला म्हणाला, "मामू, माहौल ठीक नहीं है." मी विचारलं, कुठला माहौल? तो थांबला, मग म्हणाला, यायला अंधार झाला तर? तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, ती त्याला संध्याकाळच्या गाड्यांच्या वेळा वाचून दाखवत होती.

तो अजून तयार नाही. फॉर्म काल रात्री बहिणीने आणि मी फोनवर बोलत बोलत भरला.