खडकाचा हट्ट

दिवाळीची झाडलोट निघाली की भिंतीलगतचे लोखंडी कपाट हलवायचा प्रसंग घरोघरी येतोच. घरातले कर्ते पुरुष बाह्या सरसावून पुढे होतात, कपाटाला खांदा लावतात, आणि कपाट ढिम्म हलत नाही. आणखी जोर लावावा तर ते एकदम वीतभर सरकते, खडखडाट होतो, वरचा एखादा डबा खाली येतो आणि कपाट पुन्हा जागच्या जागी घट्ट! स्वयंपाकघरातून "काय पडलं हो?" अशी विचारणा होते, ती निराळीच.

भूकंप म्हणजे याहून फारसे वेगळे काही नाही, असे म्हटले तर वाचकांना थट्टा वाटेल. पण १९६६ साली 'सायन्स' या अमेरिकन साप्ताहिकात दोन संशोधकांनी नेमके हेच सांगितले होते, अर्थात शास्त्राच्या भाषेत. एक होते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले प्राध्यापक विल्यम ब्रेस आणि दुसरे त्यांचे ऑस्ट्रेलियातून आलेले विद्यार्थी जेम्स बायर्ली. या बायर्लीसाहेबांनी पुढेही वर्षानुवर्षे एकच उद्योग केला म्हणा ना. दगडावर दगड घासला! ऐकायला काम काही भारदस्त नाही. पाट्यावर वरवंटा आपल्या आज्याही घासत होत्या, आणि त्यांना कुणी डॉक्टरेट दिली नाही.

त्या काळी भूकंपाविषयी एक कोडे होते. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्को शहर उद्ध्वस्त झाल्यावर हॅरी रीड यांनी असा विचार मांडला की, कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास या लांबलचक भेगेच्या दोन्ही बाजूंची जमीन हळूहळू वाकत जाते आणि सहन होईनासे झाले की ताणलेल्या कांबीसारखी उसळी मारून सरळ होते. पटण्यासारखे आहे. पण अखंड खडक मोडायला जेवढा जोर लागतो, त्या मानाने भूकंपात सुटणारा ताण हिशेबात फारच थोडा निघे. मग खडक मोडतो तरी कसा?

ब्रेस आणि बायर्ली यांनी ग्रॅनाइटचे लहानसे तुकडे घेतले, चहूबाजूंनी प्रचंड दाबात आवळले आणि वरून चेपले. तुकड्यात तिरकी भेग पडली. एरवी माणूस इथे यंत्र बंद करील. यांनी चेपणे चालूच ठेवले. तेव्हा दिसले की भेगेचे दोन काठ एकमेकांवरून सरळ घसरत नाहीत. अडतात, मग झटक्याने सुटतात, पुन्हा अडतात. आणि प्रत्येक झटक्यात साठलेल्या ताणापैकी थोडाच सुटतो. कोडे उलगडले ते असे. भूकंपाला दर वेळी नवा खडक मोडावा लागत नाही. जुनीच भेग, जुनेच कपाट, पुन्हा एकदा सरकते.

कुणी विचारील, मग पन्नास किलोमीटर खोलीवर कॅलिफोर्नियात भूकंप का होत नाहीत? त्याचेही उत्तर याच जोडीने १९७० साली दिले. खोल गेले की उष्णता वाढते, आणि तापलेला ग्रॅनाइट झटके देत नाही, मुकाट्याने सरकतो.

पाट्याला टाकी लावणारी बाई पूर्वी गल्लीतून ओरडत जाई, ती ज्यांना आठवते त्यांना बायर्लींचा पुढला शोध चमत्कारिक वाटेल. दाब कमी असताना दगड खडबडीत की गुळगुळीत याने फरक पडतो. टाकी लावलेला पाटाच चटणी नीट वाटतो. पण दाब वाढवत नेला की हा भेद पुसला जातो. एवढेच नव्हे, तर ग्रॅनाइट असो, चुनखडक असो की वालुकाश्म, सगळे जवळजवळ सारखाच हट्ट धरतात. जेवढा दाब, त्याच्या ०.८५ पट जोर लावा, तेव्हा कुठे खडक घसरणार. दाब फारच वाढला तर हे प्रमाण ०.६ कडे उतरते. अपवाद काही चिकणमातीच्या जातींचा. १९७८ साली त्यांनी ही आकडेवारी मांडली आणि आज तिला 'बायर्लींचा नियम' म्हणतात. इतक्या नाना रूपांच्या खडकांना एकच आकडा लागू पडावा, हे मला तरी त्यातल्या त्यात नवलाचे वाटते.

भूकंप केव्हा होणार, याचे उत्तर मात्र या नियमात नाही. कॅलिफोर्नियातच जेम्स डीटरिख यांनी १९७२ साली दाखवून दिले की दोन दगड जितका वेळ एकमेकांना टेकून स्वस्थ राहतील, तितकी त्यांची पकड घट्ट होत जाते. झटक्यापूर्वी एखाद्या जागी संथ सरकणे सुरू होते, हेही पुढे प्रयोगांत दिसले. साहजिकच आशा वाढली. पार्कफील्ड या खेड्याखाली १८५७ पासून सुमारे बावीस-बावीस वर्षांनी भूकंप झालेले. १९८५ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले की पुढचा १९९३ च्या आत येणार. यंत्रे मांडली, पहारा बसवला. भूकंप आला तो २८ सप्टेंबर २००४ ला, आणि आला तोही काही स्पष्ट सूचना न देता!

पण पाण्याच्या बाबतीत या घासाघाशीच्या गणिताने आपली किंमत दाखवली. भेगेत पाणी दाबाने शिरले की ते दोन्ही काठांना आतून रेटते. आवळण कमी होते आणि तेवढ्याने पकडही. १९६२ साली डेन्व्हर शहराजवळ लष्करी कारखान्याचे सांडपाणी साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत सोडू लागले, आणि महिनाभरात तिथे धक्के जाणवू लागले. पुढे कोलोरॅडोतच रेंजली येथील तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी मुद्दाम प्रयोग केला. पाण्याचा दाब किती झाला म्हणजे भेग सुटेल, हे तिथल्या खडकाचे घर्षण मोजून आणि जमिनीतला ताण अजमावून आधीच काढले. उत्तर आले सुमारे २५७ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या अडीचशे पट. दाब त्याच्या वर नेला तेव्हा धक्के वाढले. पाणी उपसले तसे ते थांबत आले.

हे सारे वाचताना मराठी माणसाला कोयना आठवल्याशिवाय राहणार नाही. १०३ मीटर उंचीचे धरण, १९६२ पासून भरू लागलेला जलाशय, मग लहान लहान धक्के, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ प्रतीचा तो भूकंप. कोयनानगर कोसळले, दोनशेच्या आसपास माणसे दगावली, मुंबई-पुण्याची माणसे अंथरुणातून उठून बसली. पाण्याच्या वजनाने जमीन खचली, असे पुष्कळांना वाटते. वजनाचा भाग आहेच. पण खोल झिरपून भेगांची पकड सैल करणाऱ्या पाण्याचा वाटा मोठा मानला जातो. शिवाय एवढी शक्ती धरणाने निर्माण केलेली नव्हती. ती खडकात आधीच साठलेली होती, पाण्याने फक्त खिट्टी काढली.

रेंजलीत पंप बंद केला की भागत होते. कोयनेला तो उपाय नाही. दर पावसाळ्यात जलाशय भरणार, भरलाच पाहिजे, कारण वीज हवी. आणि भरल्यानंतर धक्क्यांची संख्या वाढते, हेही वर्षानुवर्षांच्या नोंदींत दिसत आले आहे. म्हणून कऱ्हाडला त्यासाठी खास प्रयोगशाळा काढण्यात आली आणि २०१७ साली गोठणे येथे तीन किलोमीटर खोल भोक पाडून झाले. वरचा किलोमीटरभर जाडीचा काळा बसाल्ट ओलांडून खालच्या ग्रॅनाइटपर्यंत ते गेले आहे. भूकंप उपजतात ती जागा मात्र बहुतांशी आणखी खाली आहे.